बोलोन्या ते याश : दोन तास

अग्लाया चौदा वर्षं इटलीत, बोलोन्यात दुसऱ्यांच्या आया सांभाळत होती. आताची चौथी. इर्माबाई, वय ब्याण्णव. त्यांना भरवणं, पुसणं, लंगोट बदलणं, सगळं हिच्याकडे. हिची स्वतःची आई मात्र रुमानियात, याशजवळच्या गावात, धाकट्या भावाच्या घरी.

सोमवारी दुपारी भावाचा, नेकुलाईचा फोन आला. "ताई, आई पाणीसुद्धा गिळत नाही. तू बघ काय ते."

तीन वाजता बसस्थानकामागून गावाकडची मिनीबस सुटायची. लोकांची बोचकी आणि जुने टीव्ही यांच्यामध्ये अंग चोरून सत्तावीस तास. अग्लायानं पिशवी भरायला घेतली.

"मिनीबस?" इर्माबाईंची मुलगी ओर्नेल्ला दारात येऊन उभी राहिली. तिनं मोबाइलवर शोधून तो अग्लायाच्या नाकासमोर धरला. "हे बघ. तेराशे किलोमीटर, दोन तास. गुरुवारी थेट विमान आहे, त्यानं जा. बुधवारी माझ्याकडे बारा माणसं जेवायला आहेत, आईचं कोण करणार?"

दोन तास. दर ईस्टरला जायचं टाळताना अग्लायाही आईला हेच सांगायची, "दोन तासांवर तर आहे मी." तिनं पिशवी खाली ठेवली.

बुधवारी सकाळी ती पाहुण्यांसाठी सारण भरून तोर्तेल्लिनीचे छोटे मोदक वळत असताना फोन वाजला. नेकुलाई पडद्यावर दिसत होता.

"गेली, ताई. पहाटे."

"मेणबत्ती?"

त्यांच्याकडे मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती हवीच. नाहीतर जीव वाटेत अंधारात चाचपडत राहतो. आईनं स्वतःची मेणबत्ती कधीची कपाटात काढून ठेवली होती.

"होती ना. मी स्वतः धरली. बघ." त्यानं फोन वळवला. आईची बोटं मेणबत्तीभोवती गुंडाळून ठेवली होती. मेणाचा एक ओघळ नाही.

"पेटवलीच नाहीस, नेकुलाई."

"अगं, नंतर विझवली."

"वात पांढरी आहे."

मागून भावजयीचा आवाज आला, "आम्ही काय रोज उशाशी बसायचं? एवढं होतं तर यायचं होतं. दोन तास तर लागतात म्हणे."

अग्लायानं फोन पालथा घातला. मेलेल्या माणसाच्या मुठीत मेणबत्ती कोंबून फोटोसारखं दाखवणाऱ्या भावाची तिला शिसारी आली. सोमवारची मिनीबस मंगळवारी संध्याकाळीच पोचली होती. मग तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. पीठ आणि डुकराच्या मांसाचं सारण नखांपर्यंत भरलं होतं.

ओर्नेल्लानं तिला मिठी मारली. "अरेरे. पण बघ, तिकीट उद्याचंच आहे. दफनाला पोचशील." तिच्या अत्तराचा वास येऊ नये म्हणून अग्लायानं श्वास रोखून धरला. संध्याकाळी बारा माणसं जेवली. दोघांनी पुन्हा वाढून घेतलं.

गुरुवारी विमान वेळेवर सुटलं. खरंच दोन तास. उलट दहा मिनिटं आधीच चाकं टेकली आणि विमानातली गावाकडची माणसं, उतरल्यावर नेहमी वाजवतात तशा, टाळ्या वाजवू लागली.

"काकू, किती अलगद उतरवलं," शेजारचा माणूस म्हणाला, "वाजवा की टाळ्या."

"तुम्हीच वाजवा," अग्लाया म्हणाली आणि तिनं समोरच्या खिशातली उलटीची पिशवी काढली.