आमच्या चुलीवर काढलेला बगीचा

माझं बोट नकाशाले लागलं अन् साहेबानं खिशातून रुमाल काढला. जिथं बोट लागलं होतं तिथं पुसलं. चांगलं घासून पुसलं. मंग तो रुमाल खिशात नाई ठेवला, टेबलाखाली टाकला. शिपायाले म्हणे, "यांना मागं घे." शिपायानं मले दंडाले धरून भिंतीपाशी नेलं.

नगरपालिकेच्या हॉलमध्ये सुनावणी होती. शहराचा नवा विकास आराखडा आला होता, ज्याले हरकत असन त्यानं येऊन सांगायचं. खुर्च्या होत्या. भरपूर रिकाम्या. पण आमच्या मोहल्ल्यातले आमी सारे भिंतीले टेकून उभे. बसा म्हणायले कोणाची जीभ वळली नाई. समोर भाऊ बसले होते. लेआउट पाडून प्लॉट इकतात, गावातली मोठी आसामी. त्यायच्या हातात कपबशी. आमच्या डोक्यावर बॅनर लावला होता, 'सर्वांसाठी घर'.

आमी पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. सासऱ्याच्या बापापासून आमची घरं नाल्याच्या अलीकडं, जुन्या बाजाराच्या मागं. माह्या लेकरायचा जन्म तिथलाच. नव्या नकाशात तिथं हिरवा रंग. मी सातवी शिकलेली, मराठी शाळेत. वाचलं. बगीचा.

पयले वाटलं, चुकून झालं असन. मंग भाऊचं वावर पायलं. तिथं पिवळा रंग. पिवळा म्हणजे लोकवस्ती. त्या वावरात तूर उभी आहे, माणूस औषधाले नाई! जिथं तूर तिथं वस्ती, अन् जिथं चुली पेटतात तिथं झाडं. वा रे शिकलेले! डोळ्याच्या जागी बटनं शिवली होती काय यायच्या?

हे झालं कसं, तेही सांगते. दिवाळी झाली की आमचा धंदा फिरतीचा. थंडीत लोकायले रजया लागतात. पिंजायची मशीन टेम्पोवर घालून लेकराबाळायसकट निंगतो. शेलूबाजार, किन्हीराजा, रिसोड. जिथं गिऱ्हाईक तिथं मुक्काम. घराले कुलूप, अन् ढोरं घुसू नाई म्हणून अंगणात बोरीच्या काट्या. होळीले वापस. गावातलं शेंबडं पोट्टंही हे सांगन. सर्वेवाले नेमके थंडीत आले. कुलपं पायली, काट्या पायल्या अन् लेहून नेलं, पडीक जागा. शेजारी कोणाले इचारलं नाई. इचारतीन कायले? गाडीतून उतरलं तर बुटाले माती लागते ना.

मी तेच सांगत होती. हे नाल्याचं वळण, हे आमचं घर, असं बोट ठेवून. तवाच तो रुमाल निंगाला होता.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "तुम्ही फिरस्ते लोक," म्हणे. "चार-चार महिने कुलूप लावून जाता. त्याला घर नाही म्हणत, मुक्काम म्हणतात."

हॉल हसला. भाऊ सगळ्यात जास्त. चहा मांडीवर सांडला तरी हसत होते.

मंग साहेबाचा आवाज मऊ झाला. "एक करा. आम्ही फिरस्ते आहोत, इथं कायम राहत नाही, एवढं तोंडानं सांगा. धोरणात तुमच्यासाठी सोय आहे. नाल्यापलीकडं टिनाच्या खोल्या देऊ."

नाल्यापलीकडं गावाचा कचरा पडते. डुकरं अन् धूर. तिथं या साहेबलोकायचं धोरण आमची सोय करून राह्यलं.

भाऊ म्हणे, "घ्या ना बाई. बगीच्यात फिरायला या कधी, कोणी अडवणार नाही."

माहे चुलतसासरे, आमच्यात वयानं मोठे, माह्या कानाशी आले. "बोल दे बेटी. छत तो मिल रा." त्यायचा राग नाई आला मले. या दोघायचा आला. आपल्याच घराले घर म्हणायची हिंमत राहू नये, इतकं भेव त्यायनं म्हाताऱ्याले घातलं होतं.

लहानपणापासून आयकत आली मी. "ए पिंजारीण, मागच्या दारानं ये." रात्रभर आमच्या गादीवर लोळतीन, पण सकाळी आमी मागच्या दारानं. गेली. दर वेळी खाली मान घालून गेली. त्या दिवशी मान खाली जाईचना.

मी भिंत सोडून टेबलापाशी आली. म्हणलं, "साहेब, दिवाळीले तुमी गावाले जाता का?"

"जातो. का?"

"क्वार्टरले कुलूप लावता?"

साहेब समोरचे कागद चाळाले लागले.

"मंग तुमच्या क्वार्टरवर बगीचा काहून नाई काढला?"

कोणी हसलं नाई. साहेबाचं तोंड एरंडेल पेल्यावानी झालं. "आवाज खाली! पुढची हरकत कोणाची?"

"पुढची मंग. आमी फिरस्ते नाई, हे आधी लेहा. लेहत नसान तर मी इथून हालत नाई."

कारकुनानं साहेबाकडं पायलं. साहेबानं खिडकीकडं. लेहिलं एकदाचं. वाचून दाखवा म्हणलं, तर दात खात वाचूनही दाखवलं. मंगच मी बाहेर आली.

चुलतसासरे घरापर्यंत माह्याशी बोलले नाईत. त्यायले वाटते, हातचं टिनही मी घालवलं. वाटू द्या. निकाल अजून आला नाई. आला तरी आमच्या बाजूनं येईन, इतकी येडी मी नाई. निकाल देणारे भाऊच्या घरी जेवतात, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे.

पण या थंडीत फिरतीवर फक्त गडीमाणसं जातीन. कमाई अर्धी होईन, होऊ द्या. बाया-लेकरं इथंच राहतीन. एकाही दाराले कुलूप दिसणार नाई. मोहल्ल्यातल्या बायायनं मिळून ठरवलं हे, अन् पयली हो म्हणली ती माही चुलतसासू. आता अर्ज नाई. विनंती नाई. हात जोडणं नाई. बगीच्याच्या खुट्या ठोकायले येतीन, पोलीस घेऊन येतीन, घरं पाडायची मोठी मशीन घेऊन येतीन. येऊ द्या. मी उंबऱ्यावर बसन, अन् उठणार नाई.