साऱ्या गाईंचा निबंध
नातसुनेनं काल खरवस केला आणि त्या वासानं मला शेजारचा गोठा आठवला. लढाई चालू होती. शेजारच्या वहिनीचा नवरा पलटणीत होता आणि आमच्या आळीत लिहिता येणारी मी एकटीच मुलगी, चौथीतली. तो गेला तेव्हा राजूरच्या बाजारातून आणलेली त्याची तांबडी गाय गाभण होती. ती नीट व्याली का, एवढंच त्यानं पत्रात विचारलं होतं. वहिनी म्हणाली, "गाईचं सगळं लिही, पोरी." मला गाईचा निबंध तोंडपाठ होता, तोच मी उतरवला. वाचून दाखवला तेव्हा वहिनीला फार शुद्ध वाटला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेही मलाच वाचावं लागलं: "गाईला चार पाय असत्यात हे मला ठावं हाय. आपली तांबडी जगली का मेली?" वहिनी म्हणाली, "वा मास्तरीणबाई. तिकडं त्यांचा जीव टांगलाय की." मी रडत मास्तरांकडं गेले. ते हसले नाहीत. म्हणाले, "निबंध साऱ्या गाईंचा असतो, पत्र एकाच गाईचं. गोठ्यात बस आणि दिसतं ते लिही." मी लिहिलं, तांबडी धडधाकट आहे, कालवड झाली, तिचा डावा कान पांढरा आहे, आणि खुंटीवरचा तुमचा सदरा तिनं चघळला. लढाई संपल्यावर तो परतला तो थेट गोठ्यात शिरला आणि आधी त्यानं कालवडीचा डावा कान पाहिला. माझी शाळा त्याच वर्षी सुटली. पण मास्तरांचं ते एक वाक्य मला जन्मभर पुरलं. अजूनही नातवाला पत्र लिहायचं असलं की मी आधी अंगणात जाऊन बघून येते.