कॅरिगमोरच्या भिंतीवरचं झाड

बॅलिकरा गावातून नुसती चक्कर मारली तरी फेस्टस मॅनियनचा हात ओळखू यायचा. खाटीक, घड्याळजी, दारूचा गुत्ता, शवपेट्या करणारा सुतार, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच. बाप भिंती रंगवायचा. पोराला मात्र अक्षरांचा नाद. गुबगुबीत, सावली पडलेली, सोनेरी कडेची अक्षरं तो अशी काढायचा की घाईतला माणूसही क्षणभर थबके. खोट एकच. अक्षर देखणं, पण स्पेलिंगच्या नावानं शिमगा. ओ'मॅलीच्या गुत्त्यावर त्यानं एक 'एल' गाळला, तेव्हा ओ'मॅली तणतणत रस्त्यावर आला. फेस्टस शिडीवरूनच म्हणाला, "पाटी वाचून तुझ्याकडं येतं कोण? लोक वासानं येतात."

त्या दिवसापासून त्याची बायको अट्रॅक्टा, जी लग्नाआधी मुलींच्या शाळेत शिकवायची, कामावर निघताना त्याच्या हातात शाळेतली पाटी ठेवू लागली. तिच्यावर खडूनं लिहिलेले त्या दिवशीचे शब्द. "देवानं तुझ्या हाताला रंग दिला आणि तिथंच दमला बघ," ती म्हणायची.

फेस्टसचं दुसरं लक्षण म्हणजे बोलणं. शिडीवर चढला की गाव खाली पसरलेलं दिसतं, आणि दिसलं ते सांगितल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. पण तो चहाडखोर नव्हता. उलट इकडचं तिकडे सांगताना त्यात चिमूटभर साखर घालायची त्याला खोड. तुमच्याबद्दल कोणी "बरा आहे" म्हणालं, की तुमच्यापर्यंत ते "लाखात एक" होऊन यायचं.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या वसंतात कॅरिगमोरच्या मोठ्या घरातून त्याला बोलावणं आलं. तिथं मिस हेस्टर वॉलर्टन एकट्या राहायच्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पायात रबरी बूट, अंगावर वडिलांचा कोट, मागे एक कुत्री आणि पुढं कोंबड्या. एकेकाळी दोन्ही टेकड्यांपर्यंतची जमीन या घराण्याची होती. आता उरलं होतं ते घर, मागची बाग, आणि जिन्याच्या भिंतीवर रंगवलेली वंशावळ.

ती वंशावळ म्हणजे एक भलंमोठं ओकचं झाड. बुंध्याशी इंग्लंडहून क्रॉमवेलच्या फौजेबरोबर आलेला पहिला वॉलर्टन, वर फांद्याफांद्यांवर ढालींमध्ये पुरुषांची नावं, आणि बायकांची नावं पानांवर. छत गळून गळून भिंतीला ओल आली होती, आणि अर्धं झाड पापुद्रे धरून लोंबत होतं.

"ऑगस्टमध्ये रूपर्ट येतोय," मिस हेस्टर म्हणाल्या. रूपर्ट हा त्यांचा इंग्लंडमधला चुलतभाऊ. "जमीनदार घराण्यांचा तो जाडजूड ग्रंथ निघतो ना लंडनहून, त्यात आमचा मजकूर पाठवायचं त्यानं डोक्यात घेतलंय. फोटोवालाही आणणार आहे. तोवर हे झाड उभं करशील?"

"झाड उभं करीन हो, मिस हेस्टर. नावं तुम्ही तपासा."

मग फेस्टसनं जिन्यात वासे-फळ्यांचा पहाड बांधला. तो वर रंगवी, खाली खुर्चीत मिस हेस्टर मांडीवर कोंबडी घेऊन बसत आणि ओरडून चुका सांगत. दोघांचं चांगलं जमलं. कोण आजोबा घोड्यावरून पडून गेले, कोणी शिकारीला जाताना शेजाऱ्याचीच गाय मारली, सगळं ऐकत ऐकत फेस्टस एकेक ढाल उजळवत गेला.

असं करत तो डावीकडच्या एका फांदीशी पोचला. तिथं एका पानावर एक पक्षी बसवला होता. बेढब, जाड, घुबड म्हणावं तर चोच लांब. झाडावर दुसरा पक्षी नव्हता.

हा पक्षी काय आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या पानावर लेटिशिया वॉलर्टनचं नाव होतं, मिस हेस्टर यांच्या सख्ख्या आत्याचं. पन्नास-साठ माणसं जेवायला असणाऱ्या त्या घरातल्या पोरीनं गावातल्या पॅट्रिक हॅनिफी या पाववाल्याशी लग्न केलं. वॉलर्टन प्रोटेस्टंट, तो कॅथलिक, वर हाताला कायम पीठ. तिच्या बापानं दुसऱ्याच दिवशी रंगारी बोलावून पोरीच्या नावावर पक्षी बसवला. घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली. हॅनिफींची बेकरी मात्र चौकात जोरात चालली, आणि आजही चालत होती.

"याचं काय करू?" फेस्टसनं वरून विचारलं. "पक्षीच परत रंगवू?"

मिस हेस्टर यांनी पक्ष्याकडं पाहिलं. कोंबडी उतरवून त्या उभ्या राहिल्या.

"लहानपणी मला गावात नेलं होतं," त्या म्हणाल्या. "बेकरीच्या दारात एक म्हातारी बसली होती. तिनं मला मनुकांच्या पावाचा तुकडा दिला आणि माझ्याकडं बघतच राहिली. मी तिचं नाक बघितलं. हे नाक." त्यांनी स्वतःच्या लांब, टोकाशी वाकलेल्या नाकाला बोट लावलं. "आया मला ओढत घेऊन गेली. पण पाव मी सोडला नाही. खरवड तो पक्षी, फेस्टस."

त्यानं खरवडला. पक्ष्याबरोबर गिलावाही आला, आणि खाली नाव-बिव काही उरलं नव्हतं. नवा गिलावा वाळल्यावर फेस्टसनं नवं पान काढून त्यावर लेटिशियाचं नाव घातलं. त्या दिवशी अट्रॅक्टाची पाटी नव्हती, आणि मिस हेस्टर कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या होत्या.

परत आल्यावर त्या खालूनच म्हणाल्या, "आता आत्या एकटीच का लटकते? तिची पोरंबाळं कुठंयत? जा, सबीनाला विचारून ये."

सबीना हॅनिफी ही लेटिशियाची नात. साठी उलटलेली, बिनलग्नाची, बेकरीची सर्वेसर्वा. भाऊ, भाचे, त्यांच्या बायका, सगळे तिच्या धाकात. ती आणि मिस हेस्टर गेली चाळीस वर्षं रस्त्यात भेटत होत्या, मान एवढीशी हलवत होत्या आणि पुढं जात होत्या.

"नको," फेस्टसचं ऐकून सबीना म्हणाली. पीठ मळणारे हात थांबले नाहीत. "आमच्या आजीवर त्यांनी पाखरू बसवलं. आजी हसायची. म्हणायची, बापाच्या शेजारी टांगून राहण्यापेक्षा पाखराखाली बरं. आज त्यांचं झाड वठलं तेव्हा आमची आठवण आली होय? उद्या म्हणतील, घरचेच आहात, छपरावर चढा."

फेस्टस परत गेला आणि त्यानं सांगितलं, की सबीनाबाईंना फार भरून आलं, फक्त जरा वेळ हवाय. मिस हेस्टर यांनी हुंकार दिला. "वेळ? तिला म्हणावं, मी शहात्तर वर्षांची आहे. मला घाई आहे." हा निरोप बेकरीत पोचला तो असा: "मिस हेस्टर म्हणतात, अख्ख्या कॉनॉट प्रांतात सबीनासारखा पाव कुणाचा नाही, आणि डोळे मिटण्याआधी तिला एकदा जवळ घ्यायचंय."

सबीनानं पिठाचे हात झटकले.

"जवळ घ्यायचंय? हेस्टर वॉलर्टनला? एकतीस साली तिनं माझा पाव कच्चा आहे म्हणून परत पाठवलाय. ती कुत्र्याशिवाय कुणाला जवळ घेत नाही. फेस्टस, तू खोटं तरी नीट बोल."

आणि ॲप्रन न काढता ती निघाली. फेस्टस सायकल हातात धरून मागे. कॅरिगमोरला हॅनिफींचा पाव कायम मागच्या दारानं जायचा. सबीना पुढच्या पायऱ्या चढली आणि दार ढकलून आत गेली.

"हेस्टर वॉलर्टन, मला जवळ घ्यायचं तू कधी म्हणालीस?"

"मी? छे. तुला भरून आलं म्हणे."

"मला? पीठ फुगलं होतं, तेवढंच."

दोघींनी एकदम वळून फेस्टसकडं पाहिलं. फेस्टसला त्या घटकेला भिंतीतली ओल तपासायचं फार महत्त्वाचं काम निघालं. तेवढ्यात सबीनाची नजर त्याच्यावरून वर, झाडावर गेली. त्या नव्या हिरव्या पानावर. ती जवळ गेली, दोन पायऱ्या चढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"स्पेलिंग चुकलंय," ती म्हणाली. पिठाचं बोट तिनं पानाच्या कडेवर टेकवलं होतं.

"काय सांगतेस?" मिस हेस्टरही चढून आल्या. "खरंच की. शंभर वर्षांनी आत्या घरी आली आणि या गाढवानं तिचं नाव बिघडवलं."

मग दोघींनी मिळून फेस्टसला जे धुतलं, ते त्यानं पुढं आयुष्यभर गुत्त्यात चवीनं सांगितलं. बोलून बोलून घसा सुकला तेव्हा मिस हेस्टर यांनी चहा टाकला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेजारी बसल्या तेव्हा दोघींची नाकं एकाच कोनात कपात गेलेली फेस्टसनं पाहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तो गप्प बसला.

सबीनानं अट घातली. आजोबांचं नावही हवं, पॅट्रिक हॅनिफी, आणि वॉलर्टनांएवढ्याच मोठ्या अक्षरात. बायकांची नावंही ढालीत.

"बायकांना ढाली?" फेस्टस म्हणाला. "मग मला सगळं झाड पुन्हा—"

"पुन्हा," मिस हेस्टर म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढं होती. सबीना नावं सांगायला बसली आणि थांबेना. लेटिशियाची सात मुलं, त्यांची मुलं, बोस्टनला गेलेली, ग्लासगोत ट्राम चालवणारी, एक नन, एक मुष्टियोद्धा, दोन वेळा लग्न केलेला एक टेरेन्स. डावी फांदी जिन्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, कोठीच्या दारावरून पुढं सरकली आणि स्वयंपाकघराच्या बोळात घुसली. रंगवता रंगवता दोन बारशी झाली. अट्रॅक्टा आता रोज स्वतःच येऊ लागली, खडू घेऊन. दरम्यान हॅनिफींची धिप्पाड पोरं भिंत बघायला आली, छताकडं बघून एकमेकांना खुणावलं, आणि पुढच्या रविवारी प्रार्थना आटोपून कौलं घेऊन वर चढली. "मी म्हटलं नव्हतं?" सबीना खालून म्हणाली, पण त्यांचं जेवण तिनंच आणलं होतं.

ऑगस्टमध्ये रूपर्ट आला. सडपातळ, टापटीप, वागायला सभ्य. जिन्यात उभा राहून तो बघतच राहिला.

"हेस्टर, ग्रंथात हे सगळं बसणार नाही. त्यांना वारस लागतात. बेकऱ्या नव्हेत."

"रूपर्ट, या भिंतीवर आपल्या बाजूला जिवंत कोण आहे ते बघ. मी, तू, आणि तुझा तो टकल्या भाऊ. डावीकडची फांदी काढली तर हे झाड नाही, खुंट आहे. खुंटाचा फोटो काढायला इतक्या लांब आलास?"

तेवढ्यात डावीकडची फांदी दारातून आत आली. पोरंसोरं, म्हाताऱ्या, टोपल्यांतून गरम पाव, लोण्याचे गोळे. रूपर्टच्या हातात कुणीतरी मनुकांच्या पावाचा जाड तुकडा दिला, आणि नंतर आणखी एक. फोटोवाला मागं मागं सरकत बागेत गेला तरी सगळे चौकटीत मावेनात. संध्याकाळी रूपर्ट टेरेन्सबरोबर गात होता.

ग्रंथ निघाला त्यात हॅनिफी नव्हते. मिस हेस्टर यांनी तो दाराला टेकू म्हणून लावला. "ग्रंथ लंडनचा आहे," त्या म्हणायच्या, "भिंत माझी आहे."

दर गुरुवारी दोघी म्हाताऱ्या एकत्र चहा घेत आणि कडाकडा भांडत. सहा वर्षांनी मिस हेस्टर झोपेतच गेल्या. प्रोटेस्टंट चर्चच्या त्या रिकाम्या बाकांवर त्या दिवशी हॅनिफींनी दाटी केली, आपल्या कॅथलिक पाद्र्याची परवानगी न विचारता. मृत्युपत्राप्रमाणं घर सबीनाच्या भाच्याकडं आलं. त्यानं आत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. भिंतीला हात लावला नाही.

फेस्टसचं काम मात्र संपलं नाही. हॅनिफींच्या घरात पाळणा हलला, की त्याला निरोप यायचा. तो सायकलवर डबे लटकवून निघायचा, अट्रॅक्टाची पाटी काखेत. सत्तरीत त्याचा हात कापू लागला, तेव्हा त्याची मुलगी युना कुंचला धरू लागली आणि तो खुर्चीत बसून सांगू लागला. एका मे महिन्यात भिंतीवर चढायचा नंबर सबीनाच्या पणतभाचीचा आला, फिलोमिना तिचं नाव. बाळाला त्याच्या मांडीवर दिलं. युना रंगवत होती. फेस्टस त्या झोपलेल्या पोरीला गावातल्या बातम्या सांगत होता, आणि प्रत्येक बातमीत साखर थोडी जास्तच पडत होती.