आर्सेनने निवडलेला दगड

पहाटे साडेचारला आर्सेनचा दिवस सुरू व्हायचा. कॉफीचा डबा घेऊन तो ऊर्थ नदीच्या काठाकाठाने खाणीवर यायचा आणि आम्हा सगळ्यांच्या आधी कामाला लागायचा. दगड फोडण्याआधी तो हातोडीने ठोकून ऐकायचा. खणखणीत वाजला तर दगड चांगला, बद्द वाजला तर आत चीर. न ऐकता घाव घालणाऱ्याची मेहनत पाण्यात जायची. आर्सेनची कधी गेली नाही.

आमच्याकडे खाणकामगार स्वतःच्या थडग्याचा दगड स्वतःच निवडून ठेवतो. आर्सेनने तिशीतच निवडला होता. पुढे खाण बंद पडली, तिथे बाग झाली, कड्यावर झाडं वाढली. क्रेनच्या गंजलेल्या पायाशी तो निळसर दगड तसाच राहिला. पालिकेने खुशाल न्या म्हणून सांगितलं होतं.

अक्षरं कोरणाऱ्याला पैसे देण्याआधी दगड एकदा तपासावा म्हणून आर्सेन एका रविवारी निघाला. सोबत त्याची बायको गिलेन आणि मी. गिलेन हल्ली गप्पच असायची. घरात एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगायची आणि मग सोडून द्यायची. सुरुंगांनी आमचे सगळ्यांचेच कान थोडेफार नेले, आर्सेनचे जास्त. पण कानाच्या यंत्राचं नाव काढलं की म्हणायचा, लोकच पुटपुटायला लागलेत.

तो गुडघ्यांवर बसला. खिशातून हातोडी काढून ठोकली. पुन्हा ठोकली. चेहरा उतरला.

"मेला हा," तो म्हणाला. "थंडीने आतून चिरला."

दगड चर्चच्या घंटेसारखा वाजला होता. गवतावर बसलेली माणसंसुद्धा वळून बघत होती.

गिलेन वाकली. त्याचा पंजा दगडावर ठेवला, हातोडी स्वतः घेतली आणि ठोकली. दगडाची थरथर त्याच्या हातात गेली असणार, कारण त्याने पंजा उचललाच नाही.

"कान जाऊन किती वर्षं झाली?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "मी तुझ्याशी भांडायचं सोडलं तेव्हापासून, गाढवा."

दगड अजून तिथेच आहे, कोरा. गिलेन आता हळू आवाजात भांडते आणि तो तोडीस तोड उत्तर देतो. अक्षरं कोरणाऱ्यासाठी बाजूला ठेवलेली मजुरी कानांच्या दोन यंत्रांवर गेली.