खाडीपलीकडची कोरडी विहीर

कुवेतला तेल लागलं ते दक्षिणेला. पण त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या अगोदर, साहेबलोकांनी खाडीच्या उत्तरेला एक विहीर पाडली होती, हे आज कुणाच्या गावीही नाही. तिथं जमिनीतून आपसूक डांबर ओघळायचं, म्हणून साहेब हुरळले. महिनोन्महिने यंत्र घरघरलं, हाती काही लागलं नाही, आणि एके दिवशी सगळे बाडबिस्तरा उचलून चालते झाले.

माझे वडील त्या विहिरीवर बॉयलर पेटवायला होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गलबतावर खलाशी म्हणून गेले आणि तिथंच राहिले. या विहिरीवर काम मिळालंय असं सांगणारं त्यांचं एकच पत्र आलं, पुढं काही नाही. सोबतीला आमच्या गावचा एकही माणूस नव्हता, खबर आणणार कोण? गावानं मग खबर तयार केली: बसऱ्याला दुसरी बायको करून बसलाय. आई विहिरीवर पाण्याला गेली की बायका एकदम गप्प व्हायच्या. त्या गप्प होण्याची मला अजूनही चीड येते. आईनं वडिलांच्या नावानं कधी मेलेल्यांसाठीचा फातिहा पढू दिला नाही. मेला म्हणावं तर पुरावा नाही, आणि टाकून गेला म्हणायला ती मरेपर्यंत तयार झाली नसती.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी कुवेतला ट्रक चालवायला गेलो, तो मनाशी एकच गोष्ट ठरवून: ती विहीर शोधायची. शुक्रवारी सुट्टी. खोलीतले दोस्त झोपा काढायचे आणि मी पहाटेच निघायचो. खाडीच्या टोकाला असलेल्या जहरा गावापर्यंत कुणाच्या तरी गाडीतून, पुढं मिळेल ते वाहन, नाहीतर पायी. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. काढा म्हटलं. तीन शुक्रवार फुकट गेले, चौथ्या शुक्रवारी जागा सापडली.

विहीर कसली डोंबलाची! सिमेंटचा एक चौथरा, मधोमध तोंड बंद केलेला लोखंडी पाइप, गंजून लाल झालेला बॉयलर, मातीच्या चार पडक्या खोल्या. मी बॉयलरला हात लावला. उन्हानं चटका बसत होता, तरी हात काढवेना.

तिथं बकऱ्या चारणारा एक म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब, भेटला. त्यानं त्याच कॅम्पवर पाणी वाहिलं होतं. माझं अरबी मोडकं, त्याचं हिंदी त्याहून मोडकं, पण जमलं. एका उन्हाळ्यात तापानं सात माणसं गेली म्हणाला. त्यात आपल्याकडचा, हिंदी, एकच. बॉयलरवाला, डाव्या हाताला करंगळी नसलेला. माझ्या वडिलांची करंगळी गलबताच्या दोरखंडात गेली होती. दोघा हिंदी सोबत्यांनी त्यांना पुरलं आणि तेही पुढं निघून गेले. कबर कुठली, ते काही म्हाताऱ्याला आठवेना. टेकाडामागं सात कबरी होत्या. नाव नाही, खूण नाही, नुसते दगड.

मी त्यांच्यामधून फिरत राहिलो. सहा कबरी एकसारख्या तिरक्या. सातवी मात्र सरळ दक्षिणोत्तर, त्या सहांना सोडून वेगळीच वळलेली. मी म्हाताऱ्याला बोट दाखवलं.

"ती होय? ज्यांनी खणली त्यांना किब्ला कुठं आहे तेही ठाऊक नव्हतं."

किब्ला म्हणजे मक्केची दिशा, नमाजात तोंड करायची. आमच्या कोकणात मक्का मावळतीला, म्हणून कबरी दक्षिणोत्तर आणि मय्यताचं तोंड पश्चिमेला. कुवेतहून मक्का नैर्ऋत्येला. मी स्वतः आल्या आल्या आठवडाभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढत होतो. शेवटी एका दोस्तानं खांदे धरून मला वळवलं. जन्मभराची सवय, विचारतो कोण? ही चूक आपल्याच माणसांची. बाबा इथं होते, आणि लोकांनी त्यांचा संसार बसऱ्याला थाटून दिला होता! मी मोठमोठ्यानं रडलो, मग फातिहा पढलो. म्हातारा म्हणाला, निदान दगड तरी वळवून नीट करून घे. मी नको म्हटलं.

त्याच आठवड्यात मी आईला सगळं लिहून कळवलं. पुढचं चुलतभावाच्या पत्रातून समजलं. आईनं इतक्या वर्षांचं राहिलेलं, मयताच्या चाळिसाव्याचं जेवण घातलं. ज्यांनी ज्यांनी बसऱ्याची गोष्ट चघळली होती, त्यांना आधी जेवायला बसवलं, आग्रह करकरून वाढलं, आणि ते हात धुवायला उठायच्या आत माझं पत्र त्यालाच मोठ्यानं वाचायला लावलं. सगळे गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि नवऱ्यासाठी दोन दिवस रडली. इतकी वर्षं तिला रडायचीसुद्धा सोय नव्हती.