सुलोचनाची बस

गेल्या महिन्यात एका दुपारी सुलोचनाच्या मुलीचा कारंज्याहून फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिची समजूत घालायला हवी होती, पण माझ्या मनात आलं ते भलतंच... आता ती बस काही सुटत नाही. कुठली बस, ते सांगायचं तर सत्तरच्या दशकातल्या वाशीमला जावं लागेल, मॅट्रिकच्या आदल्या वर्षाला. तिथल्या दोन मुलींपैकी आता मी एकटीच उरले आहे.

माझे वडील कचेरीत शिपाई. मेडशी गाव सोडून आम्ही वाशीमला बौद्धांच्या वस्तीत राहायला आलो होतो. सुलोचना किराणा दुकानवाल्या जैनांची. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तिची आई लवकर गेलेली, दोन धाकटे भाऊ पदरात, आणि घरावर विधवा आत्याचं राज्य. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, म्हणून शाळेतून आली की पोरगी थेट चुलीपुढे. मला ओसरीच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. पण तिला बाहेर पडायला एक हक्काचं निमित्त होतं. त्यांच्याकडे पाणी कापडातून गाळत, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव कापडावर राहतात म्हणून ते कापड लोट्यात धुऊन ते पाणी ज्या विहिरीचं तिलाच परत देत. त्याला जिवाणी म्हणतात. वरून ओतायचं नाही, दोरीनं लोटा अलगद पाण्यापर्यंत सोडायचा. सुलोचनाचा लोटा फार म्हणजे फारच अलगद उतरे, आणि तेवढा वेळ मी कठड्यापासून चार हात लांब उभी राहून तिचं बोलणं ऐकत असे.

बोलणं म्हणजे कादंबऱ्यांचं. बाजारात एक दुकानदार भाड्यानं कादंबऱ्या देई. मी आणायची, दप्तरातून तिला पोचवायची. ती वाचायची आणि वैतागायची. "हे बाई दिवसभर खिडकीत बसून राह्यते. इच्या घरचा सैपाक कोन करते वं? अन् इले एक बी मैत्रीण कशी नाही?" शेवटी तिनं स्वतःचीच गोष्ट रचायला घेतली. तिच्या गोष्टीतली मुलगी सोळा वर्षांची होती. तिला भाकरी थापायला लागत, भावांची शेंबडी नाकं पुसायला लागत, आणि या सगळ्यातून वेळ काढून ती प्रेमात पडली होती. मुलगा कसा दिसतो हे मात्र सुलोचना कधी धड सांगत नसे. मैत्रिणीचं वर्णन तेवढं भरपूर... काळी, चिडकी, दोन वेण्या, म्हणजे मीच. मला त्याचा कोण अभिमान होता.

एका संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात आली. मुलगी घर सोडून पहाटेच्या बसनं निघाली होती. मैत्रीण तिची थैली धरून स्टँडवर उभी, बस लागलेली, आणि मुलीला घरी झोपलेले धाकटे भाऊ आठवायला लागले. इथं सुलोचनाला थांबवेना. "चाल, बोलत बोलत तुया घरापर्यंत येतो," म्हणाली आणि हातातल्या जिवाणीच्या भरल्या लोट्यासकट माझ्याबरोबर निघाली. आमच्या वस्तीची विहीर आली तसा सवयीनं तिचा हात दोरीकडे गेला. बोलता बोलता तिनं जिवाणी आमच्या विहिरीत सोडली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

ती पांढरीफटक पडली. "ते जीव मरतीन वं. हे पानी त्याइचं नोहे."

मला ते झोंबलं. "आमी तं जगून राह्यलो ना याच पान्यावर?"

ती तिथंच खाली बसून रडली. ती त्या जिवांसाठी रडत होती, हे मला कळत होतं, तरी माझा राग जाईना. कोणीतरी पाहिलं होतंच. दिवे लागायच्या आत आत्यापर्यंत बातमी गेली. शाळा बंद झाली, विहिरीवर आत्या स्वतः यायला लागली, आणि पुढच्याच लग्नसराईत सुलोचनाला कारंज्याला देऊन टाकलं. लग्नाचं जेवण मी बाहेरच्या पंगतीत जेवले. तिच्याशी बोलायला मिळालं नाही. मॅट्रिकच्या परीक्षेला बाकावरची तिची जागा दुसऱ्या मुलीला दिली.

पुढे मी नोकरीला लागले, गावोगाव बदल्या झाल्या, घरात मी एकटीच राहिले. सुलोचना वर्षा-दोन वर्षांनी कुठल्या लग्नात भेटे. मी दर वेळी विचारी, "बसली काय वं थे पोरगी बसमध्ये?" ती पदरात हसे. "डायवर चहा पिऊन राह्यला अजून." मला वाटे, ती मुद्दाम लांबवते आहे, भेटीला कारण राहावं म्हणून.

शेवटचं भेटले ते ती अंथरुणाला खिळल्यावर. मी या वेळी काही विचारणार नव्हते. तीच म्हणाली, "पोरगा कोन होता ते नाही इचारलं तू कधी."

"कोन होता?"

"कोनीच नाही वं... मले बसच पाह्यजे होती. पोरगी एकटीच कायले चालली, असं लोक गोष्टीत बी इचारतेत. म्हनून पोरगा घातला." मग तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. "तू मात्र खरी होती," ती म्हणाली.

परवा वाशीमला गेले होते. त्यांची विहीर बुजली आहे, आमचीही. दोन्हींवर दुकानं आली आहेत. माझ्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, तरी नोकरीला लागले त्या वर्षापासून मी नळाला पांढरं कापड बांधते. का ते कोणी विचारलं नाही, विचारायला घरात कोणी नसतंच. संध्याकाळी ते कापड मी लोट्यात धुते. आधी ते पाणी सरळ मोरीत जाई. आता हात थांबतो. लोटा धरून ओट्याशी उभी राहते, अंधार पडेपर्यंत... ज्या पाण्याचं त्याच पाण्याला द्यायचं असतं, आणि ते पाणी आता कुठेच नाही.