पहिलीच्या खोलीतला कापूस

निंबा आबांना गाव नुसतं अध्यक्ष म्हणायचं. कशाचे अध्यक्ष, हे सांगावं लागत नसे. सरपंच दर निवडणुकीला बदलायचा, सोसायटीचा चेअरमन पारोळ्यात राहायचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मात्र निंबा आबाच, आणि तेही रोज डोळ्यांसमोर. बोरी नदीच्या काठचं हे गाव. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना आत वळावं लागतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात सगळ्यांचीच थोडीथोडी अब्रू गुंतलेली आहे.

नियम असा, की ज्याचं मूल शाळेत त्यालाच हे पद. आबांचा मुलगा चंदन शाळेत होता तोवर अडचण नव्हती. तो चौथी होऊन पारोळ्याच्या हायस्कुलात गेला आणि आबांना खुर्ची सोडावी लागली. ती वर्षं त्यांनी कशी काढली हे त्यांच्या बायकोला, धुरपदाबाईंना विचारावं. पुढे चंदन सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. नवरा-बायको दोघं तिकडे कामाला आणि नात कामिनी इकडे आजी-आजोबांजवळ. तिचं नाव पहिलीत घातलं तेव्हा करोनामुळे शाळेला कुलूप होतं. तरी शाळेच्या लिंबाखाली लांब लांब बसून बैठक झाली आणि पालक म्हणून आबा पुन्हा अध्यक्ष झाले. नात शाळेत जायच्या आधी आजोबा जाऊन बसले.

पण खुर्चीची हौस होती म्हणून शाळेवर माया नव्हती असं नाही. आबा स्वतः याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. कुंपणाची भिंत त्यांनी घरोघर फिरून लोकांच्या मागे लागून बांधून घेतली होती. मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उरल्या एकट्या मोहिनी मॅडम. त्या मूळच्या जळगावच्या, पिंप्राळ्याच्या. बंदीच्या काळात त्या आठवड्यातून एकदोनदा स्कूटीवर यायच्या, ओट्याओट्यावर पोरं बसवून शिकवायच्या आणि जाताना शाळेची किल्ली आबांकडे ठेवायच्या. आबा सकाळी कुलूप उघडून आवार झाडायचे, झाडांना पाणी घालायचे. कामिनी बरोबर असायची. कागदावर ती पहिली संपवून दुसरीत गेली होती, पण वर्गात बसली नव्हती. दप्तर खुंटीला होतं. ते ती अधूनमधून काढायची, पाठीला लावून अंगणात दोन फेऱ्या मारायची आणि परत टांगायची. आजी विचारायची, आली का शाळा? ती म्हणायची, आज सुट्टी.

दुसऱ्या वर्षीची दिवाळी झाली. त्या साली कापसाचा भाव रोज चढत होता. पारोळ्याचे व्यापारी रतिलाल शेठ दर दोन दिवसांनी गाडी घेऊन यायचे आणि रिकामी गाडी घेऊन जायचे, कारण कोणीच विकायला तयार नव्हतं. आज विकला आणि उद्या भाव वाढला तर जन्मभर हळहळ. मग कापूस ठेवायचा कुठे? माणसं ओसरीवर आली आणि कापूस घरात निजला. आबांची मधली खोली आढ्यापर्यंत भरली, शेवटच्या वेचणीचा कापूस उरला. आबांच्या कंबरेला शाळेची किल्ली होती. शाळा काही इतक्यात उघडत नाही, आठ दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून त्यांनी बैलगाडी शाळेच्या मागच्या बाजूला लावली आणि पहिलीच्या खोलीत कापूस ओतला. धुरपदाबाई नको म्हणाल्या होत्या. आबांनी ऐकलं नाही.

सगळ्यांत जास्त आनंद कामिनीला झाला. ती खिडकीच्या कट्ट्यावर चढायची आणि खाली ढिगात उडी मारायची. आबा कापूस तुडवत असायचे, तीही तुडवायची. शाळेच्या खोलीत तिचं पाऊल पडलं ते असं.

पुढचं गाव जाणतं. सरकारचा हुकूम आला: पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबरच्या एक तारखेला उघडायचे. आबांची धांदल उडाली. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कापूस काढून गोठ्यात टाकला, खोली झाडली, जाळ्या काढल्या, सतरंजी झटकून अंथरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लवकर आल्या आणि पंचायत समितीने दिलेलं औषध खोल्यांमधून फवारलं. उग्र वासाचं औषध. दारावर पताका लावल्या, पोरांच्या हातावर सॅनिटायझर घातलं, कपाळाजवळ ती पिस्तुलासारखी वस्तू धरून ताप मोजला. आबा पांढरं धोतर नेसून, मास्क लावून फाटकात उभे होते. कोणी पाहिलं असतं तर शाळा त्यांनीच उघडली असं वाटलं असतं.

कामिनी नवी रिबीन बांधून आली. खोलीच्या दारात उभी राहिली, आत पाहिलं आणि मागे वळून मोठ्याने विचारलं,

"आबा, कापूस कोठे गया?"

आबांचा चेहरा मास्कमध्ये होता म्हणून वाचले. त्यांनी तिला उचललं, घरी विसरलेली पाण्याची बाटली आणायला म्हणून निघाले आणि वाटेत रस्त्याच्या कडेला बसून तिला समजावलं.

"कोनले सांगू नको बेटा. कोनी इचारं तरी नही. आसा तोंडवर हात ठेव."

तिने तोंडावर हात ठेवला. आबांनी तिला घरी धुरपदाबाईंच्या हवाली केलं, पोरीला कणकण वाटतेय असं सांगितलं आणि एकटे शाळेत परत आले. ज्या माणसाने घरोघर जाऊन पोरं पाठवा म्हणून सांगितलं, त्याची नात पहिल्या दिवशी घरी राहिली.

दुपारपर्यंत त्या खोलीत एकत्र बसलेली पहिली-दुसरीची पोरं खाजवायला लागली. कापूस बरेच दिवस साठून राहिला की त्यात बारीक कीड पडते. डोळ्यांना दिसत नाही, अंगाला कळते. हातांवर, मानेवर, पोटावर लाल पुरळ उठतं आणि खाज अशी सुटते की माणूस भिंतीला अंग घासतो. खानदेशात कापूस पिकवणाऱ्या घरांना हे नवं नाही. पण शाळेत कापूस नसतो, निदान नसावा. त्यातून रोज टीव्हीवर नव्या विषाणूची बातमी. संध्याकाळपर्यंत गावात दोनच गोष्टी चालल्या: एक, नवीन रोग आला, दोन, मॅडमनी औषध जास्त फवारलं. दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई येऊन पोरं पाहून गेल्या. हा साथीचा रोग नाही, एवढं त्या ठामपणे म्हणाल्या. म्हणजे पहिली गोष्ट गेली आणि दुसरी पक्की झाली.

लोटन नावाचा एक पालक यात पुढे होता. त्याची जुळी पोरं पहिलीत. एकाला खाज सुटली की दुसऱ्यालाही सुटायची. तो पारावर बसून सांगायचा, की शहरातल्या बायांना औषधाचं प्रमाण कळत नाही, आमच्या पोरांवर प्रयोग करतात. अर्ज लिहायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा आणि या बाईंची बदली करून घ्यायची असं ठरलं. बदलीवर दुसरं कोणी येईल याचा भरवसा नव्हता. मुख्याध्यापकांची जागा दोन वर्षं रिकामी होतीच. ही एकटी बाईही गेली की शाळेला पुन्हा कुलूप, हे सगळ्यांना दिसत होतं. पण चिडलेल्या माणसाला समोरचं दिसतं, त्यापुढचं दिसत नाही.

मॅडम मात्र रोज यायच्या. रिकाम्या खोलीची फरशी धुवायच्या, सतरंजी उन्हात टाकायच्या, वेळ झाली की घंटा द्यायच्या आणि बसून राहायच्या. आबा फाटकापर्यंत जायचे, आत जायचे नाहीत. त्यांना लाज वाटत होती, खरीखुरी लाज. जेवण जात नव्हतं. सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटायचं. मग वाटायचं, खुर्ची जाईल ते जाऊ दे, पण शाळेचा कापूसवाला अध्यक्ष म्हणून नाव पडेल ते मरेपर्यंत पुसलं जाणार नाही. आणि कामिनी घरात. आजीने दोनदा तिला शाळेच्या वाटेला लावलं, आबांनी दोनदा मागे आणलं. पोर हट्ट करत नव्हती. खुंटीवरचं दप्तर काढायची, अंगणात फेऱ्या मारायची. आजीने विचारलं की म्हणायची, आज सुट्टी. फक्त आता हसत नव्हती.

शुक्रवारी शाळेच्या आवारात बैठक भरली. अर्ज लोटनने लिहून आणला होता. त्यावर पहिली सही अध्यक्षाची हवी, नाहीतर तालुक्याला त्याला किंमत नाही. बायामाणसं लिंबाखाली बसली. मॅडम एका बाजूला उभ्या होत्या. त्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की औषध जेवढं सांगितलं तेवढंच फवारलं, आणि मोठ्या पोरांच्या खोलीतही तेच फवारलं होतं. तिथे कोणाला काही झालं नाही. लोटनने अर्ज आणि पेन आबांपुढे ठेवलं.

धुरपदाबाई कामिनीला घेऊन आल्या होत्या. बसल्या त्याही अगदी पुढे. पोरीला घरी ठेवून येता आलं असतं, पण त्यांनी ठेवलं नाही. आबांनी पेन उचललं आणि नेमकं समोर पाहिलं. कामिनी त्यांच्याकडेच बघत होती. नजरानजर झाली तशी तिने पटकन उजवा हात तोंडावर ठेवला. नंतर डावाही ठेवला. शहाण्या पोरीसारखी घट्ट दाबून बसली.

आबांनी पेन खाली ठेवलं. उठून उभे राहिले.

"मॅडमना काही दोष नही. त्या खोलीमा मना कापूस व्हता. शाळा उघडाना आदला दिन काढा."

आता गलका होणार, शिव्या पडणार, असं धरून ते मान खाली घालून उभे राहिले. काहीच झालं नाही. कोणी खोकलं, कोणी पायाखालची माती उकरली. आश्चर्य म्हणून एका चेहऱ्यावर नव्हतं. आबांनी मान वर केली आणि एकेकाकडे पाहिलं. लोटन अर्जाची घडी घालत होता.

"आमले माहीत व्हतं आबा," तो म्हणाला.

माहीत होतंच. बैलगाडी काय पदराखाली झाकून नेता येते? खिडकीच्या गजांना कापूस चिकटलेला अख्ख्या गावाने पाहिला होता. पण लोटनचा कापूस अंगणवाडीच्या बंद खोलीत होता. समाजमंदिरात आणखी तिघांचा होता. शाळेतल्या कापसाचं नाव काढलं असतं, तर अंगणवाडी आणि समाजमंदिर दोन्ही रिकामं करावं लागलं असतं, आणि भाव तर चढतच होता. मॅडमच्या औषधाचं नाव घेतल्याने कोणाच्याच कापसाला हलावं लागत नव्हतं. आबांना वाटत होतं, आपण एकटेच चोर. तसं नव्हतं, आणि याने त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट पहिल्यांदा या गावाचा मनापासून राग आला, आणि त्यात स्वतःचाही.

मॅडम बोलल्या त्या अगदी शेवटी, फक्त आबांशी. "मलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. सतरंजीखाली सरकी होती. म्हटलं, आबा आपणहून सांगतील." मग त्यांनी घंटेची वेळ झाली का ते पाहिलं आणि आत गेल्या.

आबांनी अध्यक्षपद तिथल्या तिथे सोडलं. नको म्हणायला दोघंतिघं पुढे आले, फार जोर लावला नाही. पुढच्या बैठकीत लोटन अध्यक्ष झाला. त्याआधी अंगणवाडी रिकामी करावी लागली, ती त्याने दिवसाढवळ्या केली. रतिलाल शेठची गाडी त्या आठवड्यात भरून गेली. खोलीत उकळतं पाणी ओतून फरशी तीनदा धुतली, त्यात गावातल्या बाया होत्या आणि आबा होते. नवीन सतरंजी आली. पोरं आली.

पण त्या शुक्रवारचं एक राहिलं. बैठक संपवून आबा घरी चालले होते, कामिनी त्यांचं बोट धरून होती. नदीकडच्या वळणावर थांबली.

"आबा, मी कोनलेच सांगं नही."

आबांना तिथेच बसावंसं वाटलं. ते खाली बसले, डोळे पुसले. दीड वर्ष ही पोर शाळेची वाट पाहत होती, आणि शाळेआधी आपण तिला हे शिकवलं. तिने ते एकदाच सांगून बरोबर पाठ केलं होतं.

"आते सांगू का?" तिने विचारलं.

"सांग बेटा. बठ्ठं सांग, काही दडवू नको."

सोमवारी ती वर्गात बसली. आबा बाहेर लिंबाला पाणी घालत होते. किल्ली आता त्यांच्याकडे नव्हती, पण झाडांना पाणी घालायला किल्ली लागत नाही. आत मॅडमनी पोरांना विचारलं, शाळा बंद असताना कोण काय करत होतं, ते उभं राहून सांगा. कोणी मामाच्या गावी गेलं होतं, कोणी बकऱ्या चारल्या होत्या. मग कामिनीचा आवाज आला. खणखणीत, दारापर्यंत काय, रस्त्यापर्यंत जाईल असा. याच खोलीत आबांचा कापूस होता, ती सांगत होती, पार इथपर्यंत. ती खिडकीवर चढायची आणि धपकन खाली पडायची, लागायचं नाही. आबा तुडवायचे, तीही तुडवायची. आणि हे कोणाला सांगायचं नव्हतं. पोरं ऐकत होती. एकाने विचारलं, आम्हाला का नाही बोलावलं?

मॅडमनी तिला थांबवलं नाही. आबांनीही नाही. बादली रिकामी झाली होती तरी ते तसेच बादली वाकडी धरून उभे होते, आणि ती सांगतच होती.